मोहितो, खलिया आणि पंच

१. कॅनॉटमधला प्रश्न

माझी भाची सुट्टीत पुण्याहून आली की छत्रपती संभाजीनगरात आमच्या दोन फेऱ्या ठरलेल्या असतात. संध्याकाळी सिडकोतल्या कॅनॉटला काहीतरी थंड प्यायचं आणि रात्री जुन्या शहरात नान-खलिया खायचा. गेल्या उन्हाळ्यात कॅनॉटच्या एका कॅफेत मी फळ्यावरचं वाचून "दोन मोजितो" म्हणालो. तिने माझा हात दाबला. "मामा, मोहितो म्हणतात." काउंटरवरच्या मुलाने "व्हर्जिन मोजितोच ना?" असं विचारून बिल केलं. मागे उभे असलेले गृहस्थ "मोजिटो" मागत होते. एक पेय, आणि दहा पावलांत त्याची तीन नावं.

रात्री नानच्या दुकानात गेलो. तंदूरमागे बसलेला कारागीर थापलेली नान गादीवर घेऊन भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवत होता आणि फुगलेली नान सळीने अलगद ओढून काढत होता. बाहेरच्या पाटीवर लिहिलं होतं 'नान खलिया'. भाचीने मोबाइलवर शोधलं, तिथे 'कलिया' होतं. तिने मला सरळ विचारलं, "मामा, मग इथले सगळेच लोक चुकीचं म्हणतात का?"

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. शब्द तोच असेल तर त्याचे उच्चार वेगळे का? आणि त्यातला बरोबर कोणता? उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटायला थोडा प्रवास करावा लागतो. तो आपण खाण्यापिण्याच्या तीन नावांच्या सोबतीने करू. कॅफेतला मोहितो, आमच्या शहरातला खलिया, आणि लग्नाच्या हॉलमध्ये ट्रेमधून फिरणारं फ्रूट पंच.

२. डोळ्यांनी आलेले शब्द, कानांनी आलेले शब्द

परका शब्द आपल्याकडे दोन दारांनी येतो. एक दार कानाचं. कोणीतरी बोलतं, आपण ऐकतो आणि आपल्या तोंडाला जमेल तसं म्हणतो. दुसरं दार डोळ्याचं. शब्द लिहिलेला दिसतो आणि ती अक्षरं आपल्याला जशी वाचायची सवय असते तशी आपण वाचतो.

मोहितो हे क्युबाचं पेय. रम, लिंबू, साखर, सोडा आणि पुदिना. या पाच वस्तू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. नाव स्पॅनिश आहे आणि त्यातलं मधलं अक्षर इंग्रजीत आपण 'ज' म्हणून शिकतो ते आहे. स्पॅनिश माणूस त्या अक्षराचा 'ज' करतच नाही. हवानाचा माणूस तिथे मऊ 'ह' म्हणतो, म्हणून मोहितो. स्पेनमध्ये माद्रिदला गेलात तर तोच आवाज घशातून खरखरत येतो. 'ख' म्हणताना हवा एकदम न सोडता घासत सोडली तर जो आवाज होतो, तो. उर्दू लिहिताना देवनागरीत त्यासाठी 'ख'खाली टिंब देतात : ख़. 'ख़बर', 'ख़त' यातला. म्हणजे माद्रिदकराचा उच्चार साधारण 'मोख़ितो' असा होतो. ज्या भाषेत शब्द जन्मला तिच्यातच त्याचे दोन उच्चार आहेत, आणि दोघेही आपापल्या गावी बरोबर आहेत.

आता कॅफेतले तीन उच्चार उलगडतात. भाचीचा 'मोहितो' कानाने आला. तिने तो कुठेतरी ऐकला होता. माझा 'मोजितो' डोळ्याने आला, फळ्यावरच्या अक्षरांतून. 'मोजिटो'सुद्धा डोळ्यानेच आला, फक्त त्यात आणखी एक गोष्ट झाली. इंग्रजीतला 'त'चा भाऊ आपल्या कानाला 'ट' वाटतो. टेबल, टिकीट, मोटर हे शब्द आपण तसेच घेतले. म्हणून अक्षर दिसलं की 'ट' म्हणायचं ही आपल्याला सवयच लागली. स्पॅनिशमधला आवाज मात्र आपल्या 'त'सारखा, जीभ दाताला लावून काढलेला आहे. तिथे मराठी माणसाला काहीच कष्ट नाहीत.

चारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांकडून आपण जे शब्द घेतले ते जवळजवळ सगळे कानाने घेतले. बटाटा, पाव, पगार हे शब्द घेणाऱ्यांनी पोर्तुगीज पुस्तकं उघडली नव्हती. त्यांनी बाजारात आणि बंदरात ऐकलं. त्यातला 'चावी' हा शब्द फार मोलाचा आहे. आज लिस्बनमध्ये त्या शब्दाची सुरुवात 'श'ने होते. पण आपले पूर्वज तो ऐकत होते तेव्हा पोर्तुगीज लोक तिथे 'च' म्हणत असत. पुढे त्यांच्या राजधानीचा उच्चार बदलला, आपला राहिला. मराठी घरात खिळ्याला अडकवलेली चावी जुन्या पोर्तुगालचा आवाज सांभाळून आहे. कानाने आलेला शब्द असा साक्षीदार होतो.

जाता जाता कॅनॉटबद्दल. हे नाव आयर्लंडमधल्या एका प्रांताचं. आयरिश माणूस त्याचा उच्चार करतो तेव्हा शेवटाकडे तोच घासलेला 'ख़' ऐकू येतो. इंग्रजीत पूर्वी हा आवाज होता. पुढे इंग्रजांनी तो सोडून दिला, स्पेलिंगमध्ये मात्र त्याची दोन मुकी अक्षरं ठेवली. इंग्रजी शिकताना 'नाइट' आणि 'डॉटर' या शब्दांत जी अक्षरं उगाच पाठ करावी लागतात ती हीच. म्हणून आमचं कॅनॉट 'ख़' गाळून आलं.

३. घशातला क

खलियाची गोष्ट या घासलेल्या 'ख़'चीच आहे, पण इथे तो गळला नाही, वाढला.

मूळ शब्द अरबी. तळणे, भाजणे या अर्थाच्या धातूवरून आलेला. शाळेत रसायनशास्त्रात आपण 'अल्कली' शिकलो, तो शब्दही याच धातूतला. वनस्पती जाळून-भाजून काढलेली क्षारयुक्त राख म्हणजे अल्कली, आणि मांस परतून केलेला रस्सा म्हणजे क़लिया. अकबराच्या काळच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही भटारखान्यातल्या पदार्थांची यादी आहे, त्यात हे नाव येतं. आमच्या शहरात असं सांगतात की १३२७च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर नान आणि खलिया दख्खनमध्ये आले.

या शब्दाचा पहिला आवाज साधा 'क' नाही. आपला 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. अरबी 'क़' म्हणताना तो आणखी मागे, पडजिभेपर्यंत जातो. करून पाहा. आधी 'क' म्हणा, मग जीभ जमेल तितकी मागे नेऊन पुन्हा म्हणा. घोट गिळल्यासारखा एक जाड 'क' निघेल. देवनागरीत तो 'क'खाली टिंब देऊन दाखवतात.

हा आवाज कठीण आहे, म्हणून तो जिथे जिथे गेला तिथे लोकांनी आपापल्या सोयीने त्याचं काहीतरी केलं. कैरोत बहुतेक लोक तो आवाज घशातल्या घशात अडवून जवळजवळ गिळतात. आखाती देशांत त्याचा 'ग' होतो. कॉफीसाठी अरबी शब्द 'क़हवा', पण दुबईत नोकरी केलेल्या आपल्या माणसांनी तो 'गहवा' असा ऐकलेला असतो. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्यांनी सरळ 'क' केला : कलम, कैदी, कायदा, किल्ला. आणि दख्खनमध्ये, हैदराबादपासून आमच्या शहरापर्यंत, दखनी बोलणाऱ्यांनी त्याचा 'ख़' केला. क़रीब म्हणजे 'ख़रीब', क़लम म्हणजे 'ख़लम', वक़्त म्हणजे 'वख़्त', क़ाज़ी म्हणजे 'ख़ाज़ी'. दोन-चार शब्दांत झालेली ही चूक नाही. जिथे 'क़' तिथे 'ख़' असा पक्का नियम आहे. अडाणीपणातून चूक होते तेव्हा ती कधी होते, कधी होत नाही. जे दरवेळी होतं त्याला व्याकरण म्हणतात.

आता खलियाचा हिशेब मांडून पाहू. पहिली पायरी, अरबी-फारसीतला 'क़लिया'. दुसरी पायरी, दखनीचा नियम लागला आणि झाला 'ख़लिया'. तिसरी पायरी, शहरातल्या मराठी माणसाने तो कानाने घेतला. त्याच्याकडे घासलेला 'ख़' नाही, त्याच्या सगळ्यात जवळचा 'ख' आहे. तो 'खलिया' म्हणाला. पाटीवर जे लिहिलं होतं ते या तिन्ही पायऱ्या चढून आलेलं होतं. मोबाइलवरचा 'कलिया' पहिल्या पायरीवरून थेट हिंदीकडे गेला. रस्ता वेगळा, म्हणून आवाज वेगळा.

दखनीला बिघडलेली उर्दू समजणारे लोक मला आजही भेटतात, आणि त्याचं मला वाईट वाटतं. वली, ज्याला वली औरंगाबादी आणि वली दखनी अशा दोन्ही नावांनी ओळखतात, त्याचा काव्यसंग्रह १७२०च्या सुमारास दिल्लीला पोचला आणि तोवर फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या कवींना आपल्या बोलीत कविता करावीशी वाटू लागली. उत्तरेच्या उर्दू गझलेने दख्खनकडून धडा घेतला आहे. आणि दखनीने मराठीकडून काय घेतलं ते ऐकायचं असेल तर आमच्या शहागंजात दहा मिनिटं उभं राहा. 'नक्को' कानावर पडेल. तो आपला 'नको' आहे.

आमच्या शहराच्या जुन्या नावालाही असं बदलणं चुकलं नाही. मलिक अंबरने १६१०मध्ये वसवलेलं गाव खडकी. फारसी लिहिणाऱ्यांच्या भाषेत 'ड' हा आवाज नव्हता, त्यांच्या कागदांत ते 'खिरकी' झालं. दोनशे वर्षांनी पुण्याजवळच्या खडकीला इंग्रज गेले आणि त्यांनीही 'ड'च्या जागी 'र' ऐकला. १८१७च्या लढाईला इंग्रजी पुस्तकांत 'किरकीची लढाई' म्हणतात. दोन वेगळी गावं, ऐकणारे दोन वेगळे लोक, आणि दोघांचीही अडचण एकाच अक्षरापाशी.

४. अर्क

तोच घशातला क़ आणखी एका शब्दात बसला आहे, आणि हा शब्द आपल्याला पुढच्या पेल्यापर्यंत घेऊन जातो.

अरबीत 'अरक़' म्हणजे घाम. भांड्यात द्रव तापवला की वाफ होते, ती थंड झाली की थेंब थेंब जमतो. भांड्याला घाम फुटल्यासारखा दिसतो. म्हणून ऊर्ध्वपातन करून काढलेल्या द्रवाला अरक़ म्हणू लागले. मराठीत तो 'अर्क' झाला. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क. संस्कृतातला अर्क म्हणजे सूर्य किंवा रुईचं झाड, त्याच्याशी याचा संबंध नाही. दोन अनोळखी माणसांचं नाव एकच असावं तसं हे आहे. एखाद्या बिलंदर मुलाला आपण 'अर्क आहे नुसता' म्हणतो, तो या थेंबाथेंबाने गाळलेल्या तीव्र अर्कावरून.

दखनीच्या नियमाने तो 'अरख़'. तुर्कस्तानात बडीशेपेच्या वासाची 'राकी' पितात, ते नावही याच शब्दातून निघालं असं मानतात. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस पहिल्यांदा उकळून गाळला की निघणारं हलकं पेय म्हणजे 'उर्राक'. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतच ते मिळतं. ते पुन्हा रसात मिसळून गाळलं की फेणी. उर्राक हा आपला अर्कच, पोर्तुगीज आणि कोंकणी तोंडांतून गेलेला. इंग्रज त्याला 'ॲरॅक' म्हणू लागले आणि पुढे सुरुवातीचा स्वर गळून नुसतं 'रॅक' राहिलं. थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर' या कादंबरीत हिंदुस्थानात कलेक्टरी केलेला जोस सेडली लंडनच्या एका बागेत 'रॅक पंच' इतकं पितो की त्याचं ठरू घातलेलं लग्न फिसकटतं, आणि कथेला वेगळंच वळण लागतं. रॅक पंच. यातलं 'रॅक' म्हणजे अर्क हे कळलं. 'पंच'चं काय?

५. पाच वस्तूंचं पेय

लग्नाच्या हॉलमध्ये फ्रूट पंचचा ट्रे समोर आला की वडीलधारे हमखास विचारतात, हे पंच म्हणजे पंचायतीतले की गुद्दा मारतात तो? गुद्द्याचा शब्द इंग्रजीचा स्वतःचा आहे, त्याला बाजूला ठेवू. पंचायतीच्या मात्र आपण पुष्कळ जवळ आहोत.

हे नाव इंग्रजीत पहिल्यांदा दिसतं ते १६३२ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका नोकराने दुसऱ्या नोकराला लिहिलेल्या पत्रात. इंग्लंडातल्या खानावळीत नाही, हिंदुस्थानात. सहा वर्षांनी, १६३८मध्ये, मांडेल्स्लो नावाचा तरुण जर्मन प्रवासी इराणमार्गे सुरतेला आला आणि इंग्रजांच्या वखारीत उतरला. तो सांगतो की दर शुक्रवारी प्रार्थना झाली की बायका मायदेशी ठेवून आलेले व्यापारी एकत्र जमत आणि आपापल्या बायकांच्या नावाने पेले उचलत. घर सोडून निघाले तो वार शुक्रवार होता म्हणून. त्या पेल्यांत एक मिश्रण असे : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. मांडेल्स्लोने त्याचं नाव लिहिलं 'पालेपुंत्स'.

थोड्याच वर्षांत फ्रेंच प्रवासी तेच नाव 'बोलपोंज', 'बूलपोंज' असं लिहितात. ही दोन्ही नावं कुठून आली? मोठ्याने वाचली तर गाठ सुटते. इंग्रज म्हणत होते 'बोल ऑफ पंच', म्हणजे पंचचा वाडगा. ऐकणाऱ्याला वाडगा कुठे संपला आणि पेय कुठे सुरू झालं हे कळलं नाही. जर्मनाने एकसलग ऐकलं तसं लिहिलं, फ्रेंचाने आपल्या परीने लिहिलं. कानाने आलेल्या शब्दाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

या फ्रेंचांपैकी ला बुले-ल-गूज याने १६५३च्या पुस्तकात कृतीही दिली : साखर, लिंबाचा रस, दारू, जायपत्री आणि भाजलेलं बिस्कीट. मोजून पाच.

मग येतो डॉक्टर जॉन फ्रायर. कंपनीचा हा वैद्य १६७०च्या दशकात मुंबई, सुरत, गोवा फिरला. मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून जुन्नरलाही जाऊन आला. १६९८मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तो सांगतो की सर्वांत चांगला अर्क गोव्याकडच्या नेरूळला होतो, आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून अंगातलं बळ हिरावणारं एक पेय करतात. नाव 'पाँच', कारण हिंदुस्थानी भाषेत पाचाला तसं म्हणतात आणि यात पाच वस्तू पडतात. नवी मुंबईचं नेरूळ ते नव्हे, हे बार्देश तालुक्यातलं.

आंबट, गोड, जहाल, पाणी आणि सुवास. लिंबू, साखर, अर्क, पाणी आणि जायफळ. दूध, दही, तूप, मध, साखर या पाचांना पंचामृत म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही नाव ठेवण्याची रीत सांगावी लागत नाही. आता दुसऱ्या भागातला मोहितो आठवा. लिंबू आंबट, साखर गोड, रम जहाल, सोडा म्हणजे पाणी, पुदिना सुवासाला. क्युबाचं पेय या जुन्या पंचच्याच साच्यात ओतलेलं आहे. आमच्या कॅनॉटला मिळतो तो रमशिवायचा, म्हणजे पाचातले चार.

६. नावावर घेतलेली शंका

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल, पण वाचकाची फसवणूक होईल. शब्दांचा इतिहास लिहिणाऱ्या काही इंग्रज पंडितांना 'पंच म्हणजे पाच' हे पूर्ण पटलेलं नाही, आणि त्यांची शंका उच्चारावरूनच आहे.

१६३२च्या पत्रात पहिल्या अक्षरापुढे जो स्वर लिहिला आहे तो इंग्रजीतला 'यू'. आज आपण तो शब्द 'पंच' वाचतो. त्या काळी मात्र हा स्वर बहुतेक इंग्रजांच्या तोंडी आखूड 'उ'सारखा होता. म्हणजे शब्द वाचला जायचा 'पुंच' असा. पुढे सतराव्या शतकातच दक्षिण इंग्लंडने तो स्वर हळूहळू 'अ'कडे नेला. उत्तर इंग्लंडने नेला नाही. आजही लीड्सकडचा माणूस 'बस'ला 'बुस' आणि 'कप'ला 'कुप' म्हणतो, आणि या पेयाला 'पुंच'. लंडनकर त्याला 'पंच' म्हणतो. शंकेखोर विचारतात, हिंदुस्थानी 'पंच' ऐकून इंग्रजाने 'पुंच' का लिहावं? त्यांच्यातले काही म्हणतात की दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत 'पंचन' असा शब्द आहे, खलाशांनी तो तोडून पेयाला दिला असेल. शिवाय वस्तू दरवेळी पाच कुठे होत्या? मांडेल्स्लोच्या वाडग्यात चारच. फ्रायरनेही चार वस्तूंच्या मिश्रणाचा उल्लेख शेजारीच केला आहे.

मी स्वतः पाचाच्या बाजूने आहे. पहिलं कारण, आपला आखूड 'अ' लिहायला इंग्रजांकडे चांगलं अक्षर नव्हतंच. पुढे पंजाब, पंडित, जंगल हे शब्द लिहिताना त्यांनी हाच 'यू' वापरला. दुसरं, अगदी सुरुवातीचे उल्लेख इंग्लंडातले नाहीत, हिंदुस्थानातल्या वखारींतले आहेत. पिंप तर इंग्लंडातही होतं. मग हे पेय आणि हे नाव सुरतेला आणि पूर्व किनाऱ्यालाच का दिसावं? तरीही हे अनुमान आहे, न्यायालयाने दिलेला निकाल नाही, एवढं लक्षात असू द्यावं.

आता मराठी वाचकासाठी एक जास्तीची गंमत. हा शब्द मराठीतून गेला असेल का? 'चार-पाच' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा आणि जिभेकडे लक्ष द्या. 'चार'चा च म्हणताना जीभ टाळूला लागते. 'पाच'चा च म्हणताना ती पुढे दातांच्या मुळाशी येते आणि आवाज 'त्स'च्या जवळ जातो. लिहिताना दोन्हीकडे तेच अक्षर, आणि मराठी मूल न शिकवता दोन्ही वेगळे म्हणतं. शिवाय आपल्या बोलण्यातल्या 'पाच'मध्ये आज अनुनासिक नाही. जुन्या पुस्तकांत 'पांच' असा अनुस्वार छापत. बोलण्यात तो उरला नव्हता, म्हणून १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. इंग्रजाने आपला 'पाच' ऐकला असता तर त्याने शेवटी 'त्स'सारखं काही लिहिलं असतं, आणि मधला 'न' कशाला घातला असता? हिंदुस्थानी 'पाँच'मध्ये नाकातला आवाज आहे आणि च टाळूवरचा आहे. सुरतेच्या गुजरातीतही तसंच. म्हणून शब्द गेला असेल तर त्या वाटेने, किंवा 'पंच' या जोडशब्दांतल्या रूपातून. फ्रायरनेही हिंदुस्थानी म्हटलं आहे, आणि त्याचा कान इथे भरवशाचा वाटतो.

७. जगभरचा पेला

पुढचा प्रवास भराभर पाहू, कारण नियम आता तुमच्या हातात आहे. जर्मनीत 'पुन्श', स्वीडनमध्ये 'पुन्श', रशियातही 'पुन्श'. इंग्रजांचा जुना 'उ' या देशांत टिकला, जसा पोर्तुगीजांचा जुना 'च' आपल्या चावीत टिकला. स्वीडनचा पुन्श तर अठराव्या शतकात त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी आणलेल्या बटाव्हियाच्या अर्कावर तयार झाला. स्पेनमध्ये 'पोंचे', इटलीच्या लिव्होर्नो बंदरात 'पोन्चे'. फ्रेंचांना शब्दाच्या शेवटी 'च' म्हणायची सवय नाही आणि 'न' ते नाकात घेतात, म्हणून त्यांचा झाला 'पोंश'. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर 'ति-पोंश' मिळतो, म्हणजे छोटा पोंश : रम, लिंबू, साखर. पाचाचे तीन झाले, नाव पाचाचंच राहिलं.

आणि तिथून तो घरी परत आला. हॉलमधला वाढपी 'फ्रूट पंच' म्हणतो तेव्हा त्याचा अ आपला असतो, च टाळूवरचा असतो, नाकातला न जागेवर असतो. पंचामृतातला पंच आणि त्याच्या ट्रेमधला पंच यांच्या उच्चारात काडीचाही फरक राहिलेला नाही. चारशे वर्षांत हा शब्द किती तोंडांतून फिरून आला, हे त्या ट्रेकडे पाहून कोणाला कळेल?

८. भाचीला दिलेलं उत्तर

त्या रात्री मी भाचीला एवढंच सांगितलं. मोहितोच्या बाबतीत तुझं बरोबर. तो पाहुणा आहे, डोळ्याने आत आला आहे, अजून रुळलेला नाही. पाहुण्याला त्याच्या नावाने हाक मारता येत असेल तर मारावी. पण काउंटरवरच्या मुलाला टोकू नये. त्याने समोर दिसलेली अक्षरं प्रामाणिकपणे वाचली आहेत.

खलियाची गोष्ट वेगळी. तो पाहुणा नाही. त्याने या शहरात पिढ्यान्‌पिढ्या काढल्या आहेत आणि त्याचा 'ख' इथल्या माणसांनी, इथल्या नियमाने घडवला आहे. छत्रपती संभाजीनगरात 'खलिया' हाच बरोबर उच्चार. लखनौमध्ये 'क़लिया' बरोबर असेल, तिथे तो तसाच म्हणावा.

हल्ली नव्या हॉटेलांच्या चकचकीत मेन्यूकार्डांवर मला 'नान कलिया' दिसू लागलं आहे. पाट्या रंगवणाऱ्यांना आणि मेन्यू छापणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, मोबाइलवर पाहून हे अक्षर सुधारू नका. जुन्या दुकानाच्या पाटीवर आहे तसंच लिहा : नान खलिया.